शेवटच्या पंधरवड्यात जोडलेली सुरक्षा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माहितीच्या चोरीवर आपल्या दैनिकात नुकताच आलेला लेख मी दोनदा वाचला. पासवर्ड मोठा ठेवा, तो कोणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, हे त्यातले सगळे सल्ले योग्य आहेत. पण ते सगळे वापरणाऱ्याला दिलेले आहेत. वापरणाऱ्याची काहीच चूक नसते, त्याचा पासवर्ड पक्का असतो, आणि तरीही त्याची माहिती परक्या माणसासमोर उघडी पडते, अशाही घटना घडतात. त्यांच्याबद्दल लेखात एक ओळही नव्हती. मी एकवीस वर्षे जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वेब अ‍ॅप्लिकेशन लिहिते आहे. या दुसऱ्या प्रकारच्या घटना कुठून येतात ते मी आतून पाहिले आहे. त्यातली एक माझ्याच हातून घडता घडता राहिली. तिच्यापासूनच सुरुवात करते.

२०१५ सालची गोष्ट. एका मोठ्या कार्यालयाच्या अंतर्गत कामासाठी आम्ही अ‍ॅप्लिकेशन करत होतो. हजेरी, रजा, पगारपत्रके, असे त्याचे स्वरूप. स्प्रिंग एमव्हीसी या फ्रेमवर्कवर, म्हणजे पाने तयार करून दाखवणाऱ्या आयत्या सांगाड्यावर, सात-आठ महिन्यांत ते उभे राहिले. सुरक्षा ‘नंतर जोडू’ असे पहिल्या बैठकीत ठरले होते, आणि ते ‘नंतर’ उजाडले तेव्हा डिलिव्हरीला पंधरा दिवस उरले होते. काम माझ्याकडे आले. मी स्प्रिंग सिक्युरिटी ही लॉगिन आणि परवानग्या सांभाळणारी लायब्ररी (आयत्या कोडचा संच) घेतली, लॉगिनचे पान लावले आणि पानाचा कोणता पत्ता कोणत्या रोलला, म्हणजे कोणत्या कामाच्या माणसांना, उघडायचा याचे नियम एकाखाली एक लिहून काढले. पगाराच्या यादीचा पत्ता फक्त लेखा विभागाला. सगळ्यांत शेवटचा नियम असा की, वर न आलेला कोणताही पत्ता लॉगिन केलेल्या कोणालाही चालेल. साध्या कर्मचाऱ्याच्या नावाने लॉगिन करून मी पगाराची यादी उघडून पाहिली. ‘प्रवेश नाही’ असे पान आले. माझ्या मते काम झाले होते.

दोन दिवसांनी चाचणी विभागात नुकतीच लागलेली एक मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. “मॅडम, हे असंच दिसायला हवं का?” तिच्या स्क्रीनवर साध्या कर्मचाऱ्याचे लॉगिन होते आणि खाली सगळ्या कार्यालयाची पगाराची यादी उघडलेली होती. तिने फार काही केले नव्हते. पत्ता टाईप करताना शेवटी एक तिरपी रेघ (/) जास्तीची पडली होती.

त्या रेघेने काय केले ते सांगायला हवे, कारण माझे सगळे म्हणणे तिच्यात आहे. एकच पत्ता दोन वेगवेगळ्या लायब्रऱ्या वाचत होत्या. माझा नियम स्प्रिंग सिक्युरिटी अक्षरशः वाचत होती. तिच्या दृष्टीने रेघ असलेला पत्ता हा निराळा पत्ता, तो यादीत नाही, म्हणून त्याला शेवटचा नियम लागू. लॉगिन आहे ना, मग जाऊ दे. तीच रिक्वेस्ट, म्हणजे ब्राउझरची मागणी, पुढे स्प्रिंग एमव्हीसीकडे गेली. लोकांच्या टायपिंगमधल्या बारीक फरकांनी पान अडू नये म्हणून त्या काळी एमव्हीसी रेघेकडे काणाडोळा करत असे. तिच्या दृष्टीने दोन्ही पत्ते एकच. तिने पगाराचे पान काढून दिले. दोन्ही लायब्रऱ्या आपापल्या माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे अगदी बरोबर वागल्या होत्या. चूक माझी होती, आणि ती या दोघींच्या मधल्या जागेत होती.

त्याच संध्याकाळी मी पत्त्याच्या शेवटी टिंब देऊन पुढे मनाला येतील ती अक्षरे टाकून पाहिली. यादी तशीही उघडली! टिंबाच्या पुढचा भागही एमव्हीसी तेव्हा सोडून देत असे. मी एक भोक बुजवायला बसले होते आणि किती भोके आहेत हेच मला माहीत नव्हते. शेवटी मी नियमांची बाजूच फिरवली. तळाचा नियम बदलून ‘बाकी सर्व पत्ते सर्वांना बंद’ असा केला आणि उघडायचे ते प्रत्येक पान नाव घेऊन उघडले. तीन दिवस गेले. विसरलेली दहा-बारा पाने बंद राहिली, त्यांच्या तक्रारी आल्या, आणि प्रत्येक तक्रारीबरोबर एक ओळ वाढली. पण विसरलेले पान बंद राहते तेव्हा तक्रार येते. विसरलेले पान उघडे राहते तेव्हा कोणीच तक्रार करत नाही.

पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, स्प्रिंगच्या या दोन प्रकल्पांच्या पत्ते वाचण्याच्या पद्धतीत फरक असल्याची अधिकृत सूचना निघाली. तिच्यात उदाहरण पत्त्यातल्या रिकाम्या जागांचे होते, पण मूळ तेच. त्यानंतर स्प्रिंग सिक्युरिटीत एमव्हीसीच्याच पद्धतीने पत्ता वाचणारी सोय आली. जास्तीच्या रेघेकडे काणाडोळा करण्याची एमव्हीसीची जुनी सवय मात्र २०२२ च्या नोव्हेंबरात आलेल्या सहाव्या आवृत्तीत जाऊन सुटली. हा दोष एकाच घराण्याचा आहे असे कोणाला वाटू नये म्हणून सांगते, की अपाची शिरो ही दुसरी प्रसिद्ध सुरक्षा लायब्ररी स्प्रिंगबरोबर वापरली असता विशिष्ट तऱ्हेने लिहिलेला पत्ता लॉगिन चुकवून आत जाऊ शकतो, अशी त्रुटी २०२० मध्ये जाहीर झाली होती. लायब्ररी दुसरी, लोक दुसरे, सांधा तोच.

आपल्याकडे म्हण आहे, दोन घरचा पाहुणा उपाशी. सुरक्षेचे तसेच होते. फ्रेमवर्क बनवणारे म्हणतात, कोणाला आत सोडायचे हे सुरक्षा लायब्ररी पाहील. सुरक्षा लायब्ररी बनवणारे म्हणतात, तुमचे फ्रेमवर्क पत्ता कसा वाचते ते तुम्हीच तपासा. आणि प्रकल्पाच्या वेळापत्रकात ‘सिक्युरिटी’ अशी एक ओळ असते, समोर एका माणसाचे नाव आणि पाच दिवस. जोडणी हे एक वेगळे काम आहे असे त्या ओळीवरून कोणालाच कळत नाही.

वाचकांना ही जोडणी कशी असते ते थोडक्यात सांगते. ब्राउझरकडून आलेली रिक्वेस्ट आधी सर्व्हरमधल्या फिल्टरांच्या, म्हणजे तपासनाक्यांच्या, रांगेतून जाते आणि मग फ्रेमवर्कला मिळते. फिल्टरची ही सोय वेब सर्व्हरसाठी असलेल्या जावाच्या सर्व्हलेट नियमावलीत २००१ मध्ये आली. स्प्रिंग सिक्युरिटी तिच्यावरच उभी आहे. २००३ च्या अखेरीस सुरू झाली तेव्हा तिचे नाव एसीजी होते, आजच्या नावाची पहिली आवृत्ती २००८ ची. फिल्टर फ्रेमवर्कच्या पुढे उभा असल्याने सुरक्षा कोणत्याही फ्रेमवर्कला लावता येते, ही त्या रचनेची मोठी ताकद आहे. पण फिल्टरला दिसतो तो फक्त पत्ता आणि रिक्वेस्टचे बाह्य रूप. आत काय होणार ते त्याला दिसत नाही. शिवाय रांगेत त्याचा नंबर कितवा, हे जोडणाऱ्यानेच ठरवायचे असते. स्ट्रट्स या जावाच्याच आणखी एका फ्रेमवर्कची दुसरी पिढी स्वतःच एक फिल्टर म्हणून बसते. सुरक्षेचा फिल्टर त्याच्या मागे लागला, तर स्ट्रट्सने रिक्वेस्ट हाताळून झालेली असते आणि मागच्या फिल्टरला विचारायला कोणी येतच नाही. पाने नीट उघडतात, म्हणून ते लक्षातही येत नाही.

जेएसएफ या आणखी एका फ्रेमवर्कवरच्या एका कामात मला याहून विचित्र अनुभव आला. जेएसएफमध्ये बटण दाबले की फॉर्म त्याच पानाच्या पत्त्यावर परत जातो आणि पुढचे पान सर्व्हरच्या आतल्या आत दाखवले जाते. त्यामुळे ब्राउझरमध्ये दिसणारा पत्ता नेहमी एक पान मागे असतो. सुरक्षेच्या फिल्टरने जुना पत्ता पाहून परवानगी दिली आणि समोर आले ते बंद असायला हवे होते ते पान. उपाय सोपा आहे. पुढच्या पानावर जाताना ब्राउझरला नव्या पत्त्याने पुन्हा यायला सांगायचे, म्हणजे फिल्टरला खरा पत्ता दिसतो. त्यासाठी प्रत्येक ठिकाणी एक शब्द वाढवावा लागतो. पण तो वाढवायचा हे जेएसएफचे शिकलेल्याला माहीत नसते, कारण त्याच्या दृष्टीने पान चालते आहे. आणि सुरक्षेचे शिकलेल्याला माहीत नसते, कारण जेएसएफ असे वागते हेच त्याने कधी पाहिलेले नसते.

त्याच कामात लोकांची तक्रार आली की जेवणाच्या सुट्टीनंतर बटणे चालत नाहीत. सेशन, म्हणजे एका लॉगिनची मुदत, संपलेले असे. फिल्टर रिक्वेस्ट लॉगिनच्या पानाकडे वळवत असे. पण बटणामागे अजॅक्स (अख्खे पान न बदलता मागून रिक्वेस्ट पाठवण्याची पद्धत) होते, त्याला जेएसएफने ठरवलेल्या एक्सएमएल या मांडणीतच उत्तर हवे होते, आणि हाती पडत होते अख्खे लॉगिनचे पान. ते त्याला वाचता येईना, म्हणून स्क्रीनवर काहीच होत नसे. फिल्टरने अजॅक्स रिक्वेस्ट ओळखून तिला तिच्या भाषेत ‘लॉगिनकडे जा’ असे सांगायला हवे होते. त्याऐवजी वरून आदेश आला की सेशन बारा तासांचे करा. तक्रार थांबली आणि कोणीही उठून गेलेल्या माणसाच्या संगणकावर बसून त्याच्या नावाने दिवसभर काम करू शकेल अशी सोय झाली. मी लेखी विरोध केला. तो मान्य व्हायला चार महिने लागले. ते चार महिने अजून मनाला टोचतात.

फॉर्मचा किस्सा तर जवळजवळ प्रत्येक प्रकल्पात घडतो. स्प्रिंग सिक्युरिटी जोडली की दुसऱ्या दिवशी सगळे फॉर्म ४०३ ची, म्हणजे ‘प्रवेश नाही’ अशी, चूक देऊ लागतात. कारण चांगले आहे. दुसऱ्या एखाद्या साइटने तुमच्या नकळत तुमच्याच लॉगिनवर फॉर्म पाठवू नये म्हणून ही लायब्ररी प्रत्येक फॉर्मबरोबर एक गुप्त टोकन मागते. याला सीएसआरएफ संरक्षण म्हणतात. सुरक्षेची मांडणी जावात लिहिली तर ते २०१३ पासून आपोआप चालू असते, आणि एक्सएमएल फायलीत लिहिली तरी चौथ्या आवृत्तीपासून. थाइमलीफ या पाने बनवणाऱ्या लायब्ररीने किंवा स्प्रिंगच्या स्वतःच्या फॉर्म टॅगने बनवलेल्या फॉर्ममध्ये टोकन आपसूक येते. हाताने लिहिलेल्या फॉर्ममध्ये ते स्वतः घालावे लागते, अजॅक्समध्ये हेडरमधून (रिक्वेस्टच्या डोक्यावरच्या माहितीतून) पाठवावे लागते, आणि फाइल चढवायच्या फॉर्मसाठी तर फाइल वाचणारा फिल्टर सुरक्षेच्या फिल्टरच्या आधी लावावा लागतो, नाहीतर टोकन असूनही सापडत नाही. हे सगळे करायला दोन-तीन दिवस जातात. संरक्षण बंद करायला एक ओळ पुरते. ती ओळ मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की नवा कोड हाती आला की मी आधी तीच शोधते. कुकी (ब्राउझरने जपून ठेवलेली ओळखचिठ्ठी) न वापरता प्रत्येक वेळी हेडरमधूनच ओळख पाठवणाऱ्या सेवांमध्ये ती ओळ योग्य असते, हे मी मान्य करते. पण लॉगिन, सेशन आणि फॉर्म असलेल्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये ती दिसली तर लिहिणाऱ्याने डिलिव्हरीची तारीख पाहून लिहिली आहे असे समजावे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पत्त्यांच्या नियमांवर पूर्ण भरवसा ठेवू नये म्हणून आम्ही जावाच्या मेथडवरही (कोडमधल्या एकेका कामाच्या तुकड्यावरही) परवानगीची खूण लिहितो, की ही मेथड फक्त अमुक रोलने चालवावी. मी एकदा दुसऱ्या गटाचा कोड तपासत होते. प्रत्येक कंट्रोलरवर, म्हणजे रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या कोडवर, अशी खूण होती, वाचून समाधान वाटले. चालवून पाहिले तर एकही खूण काम करत नव्हती. स्प्रिंगच्या जुन्या मांडणीत दोन कॉन्टेक्स्ट, म्हणजे कोडचे भाग ठेवायचे कप्पे, असतात, एक मुळाचा आणि एक एमव्हीसीचा. या खुणा जागवणारी ओळ मुळाच्या कॉन्टेक्स्टमध्ये लिहिली होती आणि कंट्रोलर एमव्हीसीच्या कॉन्टेक्स्टमध्ये राहत होते, तिथे ती ओळ पोहोचतच नव्हती. चूक दाखवणारा संदेश नाही, लॉगमध्ये इशारा नाही. जोडणीतली चूक अशी मुकी असते. वर्षभर ते अ‍ॅप्लिकेशन तसेच चालू होते, आणि कोडचे परीक्षण करणाऱ्या दोन माणसांनी त्या खुणा पाहून ‘सुरक्षा ठीक’ असे लिहून दिले होते.

म्हणून स्वतःची सुरक्षा स्वतः लिहावी, असा अर्थ कोणी काढू नये. ते तर कधीच करू नये. पासवर्ड जपून ठेवणे, लॉगिन होताच सेशनचा क्रमांक बदलणे, ही कामे या लायब्रऱ्या माझ्यापेक्षा फार चांगली करतात, आणि हजारो डोळ्यांखालून त्या गेलेल्या असतात. पण लायब्ररी आणली एवढ्याने भागत नाही. अपाची शिरोमध्ये ‘मला लक्षात ठेवा’ या कुकीला कुलूप लावणारी किल्ली मूळ कोडमध्येच लिहिलेली होती. ती बदलून स्वतःची किल्ली न लावता शिरो वापरणाऱ्या सगळ्या अ‍ॅप्लिकेशन्सची किल्ली एकच, आणि कोड खुला असल्याने ती कोणालाही वाचता येणारी. त्या किल्लीने बनावट कुकी घडवून सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येतो, हे २०१६ मध्ये जाहीर झाले. आणि इक्विफॅक्स या अमेरिकेतल्या पतमाहिती कंपनीचे प्रकरण तर आपल्याही वाचकांनी ऐकले असेल. स्ट्रट्समधल्या त्रुटीवरची दुरुस्ती २०१७ च्या ७ मार्चला आली होती, चोर मेच्या मध्यात आत शिरले, आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. त्यातल्या एकाचाही पासवर्ड लहान होता म्हणून हे झाले नाही. वेब सुरक्षेवर काम करणारी ओवॅस्प ही संस्था सर्वांत गंभीर धोक्यांची यादी काढते. २०२१ च्या यादीत पहिला क्रमांक मोडक्या प्रवेश-नियंत्रणाचा होता, म्हणजे ज्याला जे दिसायला नको ते त्याला दिसण्याचा. त्याआधीच्या यादीत तो पाचवा होता.

आपल्याकडे माझी एक मागणी आहे. माहिती फुटल्याची बातमी देताना ‘हॅकरांनी चोरली’ एवढ्यावर थांबू नये. आमच्या प्रसंगात कोणी हॅकर नव्हता, एक नवी मुलगी होती आणि एक जास्तीची रेघ होती. बातमीदाराने विचारावे की आत आलेल्याकडे स्वतःचे वैध लॉगिन होते का. असेल तर प्रश्न कुलपाचा नाही, आतल्या दारांचा आहे. सुरक्षेचे काम कधी सुरू झाले होते आणि ते किती दिवसांचे धरले होते, हेही विचारावे. या प्रश्नाचे उत्तर छापले जाईल असे वाटले, तर वेळापत्रक करणारे लोक ती ओळ वेगळ्या नजरेने पाहतील.

आणि माझ्या व्यवसायातल्या तरुण मंडळींना, जी हे सदर वाचत असतील, त्यांना एवढेच सांगते की पहिले पान लिहाल त्याच दिवशी सुरक्षेचा फिल्टर लावा, सगळे बंद करून सुरुवात करा, आणि ‘उघडते का’ यापेक्षा ‘उघडत नाही ना’ याच्या चाचण्या जास्त लिहा.

त्या मुलीने तशी एक चाचणी त्याच आठवड्यात लिहिली होती. एका बाजूला सगळे रोल, दुसऱ्या बाजूला सगळे पत्ते, प्रत्येक पत्ता साधा, रेघेसह आणि टिंबासह. ती खऱ्या चालू सर्व्हरवर रिक्वेस्ट पाठवते, कारण आतल्या नकली सर्व्हरवर घेतलेल्या चाचणीत फिल्टर आणि फ्रेमवर्क यांच्यामधल्या कित्येक गोष्टी घडतच नाहीत. ती मुलगी आता आमच्या गटाची प्रमुख आहे आणि चाचणी अजून रोज रात्री चालते. गेल्या वर्षी आम्ही स्प्रिंग सिक्युरिटीच्या सहाव्या आवृत्तीवर गेलो तेव्हा सकाळी त्या चाचणीचा सगळा तक्ता लाल होता, लॉगिनचे पानसुद्धा उघडत नव्हते, ब्राउझर त्याच पानाकडे पुन्हा पुन्हा वळत राही. ही आवृत्ती आतल्या आत वळवलेल्या रिक्वेस्टही तपासते, आणि आमची जेएसपी (जावाच्या साच्यातली) पाने तशीच वळवून दाखवली जातात. तळाच्या ‘बाकी सर्व बंद’ या नियमाने तीही अडवली होती. एका सहकाऱ्याने सुचवले की तो तळाचा नियमच काढू, पाच मिनिटांत सगळे सुरू होईल. तिने नकार दिला. दुपारपर्यंत बसून तिने फक्त आतून वळवलेल्या रिक्वेस्टना वाट करून देणारी ओळ लिहिली, कंट्रोलरपर्यंत आलेली प्रत्येक रिक्वेस्ट आधी तपासली गेलेली असते याची खात्री केली, आणि तळाचा नियम होता तिथेच ठेवला.

मी अजून नोकरीत आहे आणि वर सांगितलेल्या कामांची मालकी इतरांची आहे, म्हणून पत्र छापल्यास नाव देऊ नये ही विनंती.

आपली,
एक वाचक, जावा प्रोग्रॅमर